कुंडीतली सेंद्रिय माती: दोन पिशव्या आणि रत्नागिरीची हवा

गेल्या ऑक्टोबरपासून या मेअखेरपर्यंत आमच्या गच्चीवर १२ इंची १२ कुंड्यांत मिरची, टोमॅटो आणि वांगी लावली होती. त्यांपैकी सहा कुंड्यांत घरपोच मागवलेले एका कंपनीचे सेंद्रिय ‘पॉटिंग मिक्स’ (कुंडीत भरायचे तयार मिश्रण) भरले आणि उरलेल्या सहांत महामार्गालगतच्या एका लहान रोपवाटिकेत कालवून मिळणारी मिश्र माती भरली. रोपे एकाच वाफ्यातली, ऊन सारखेच आणि पाणीही एकाच विहिरीचे होते, त्यामुळे पुढे जो फरक पडला तो बहुतांशी मातीचा आणि ती माती पाणी कसे धरते व सोडते याचा होता, असे मी खात्रीने म्हणू शकते.

आधी किमतीचे पाहू. कंपनीची २० किलोची पिशवी ४५० रुपयांना पडली, रोपवाटिकेची २५ किलोची २४० रुपयांना. परंतु माती किलोवर विकत घेणे हीच मुळात फसगत आहे, कारण कुंडी वजनाने नव्हे, आकारमानाने भरते. बादलीने मोजले तेव्हा पहिल्या पिशवीतून ३८ लिटर आणि दुसरीतून २७ लिटर माती निघाली. म्हणजे सहा कुंड्यांना पहिल्या प्रकारच्या दोन पिशव्या लागल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या तीन; एका कुंडीचा खर्च अनुक्रमे १५० आणि १२० रुपये आला. त्यातही पहिल्या पिशवीतले एक किलो मिश्रण वर्तमानपत्रावर पसरून तीन दिवस उन्हात वाळवले, तर हाती ४३० ग्रॅमच उरले. रोपवाटिकेच्या एका किलोचे ७२० ग्रॅम राहिले. खतांचा दर्जा ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळखताचा ओलावा १५ ते २५ टक्के असावा, असे ठरवून दिले आहे. हा निकष गांडूळखताचा आहे, मिश्र मातीचा नव्हे. तरीही तुलनेसाठी तो डोळ्यांसमोर असला की आपण माती किती आणि पाणी किती विकत घेतो आहोत हे कळते.

कंपनीची पिशवी उघडली तेव्हा आतून आंबूस वास आला आणि हात खोलवर घातल्यावर मिश्रण कोमट लागले. ही दोन्ही लक्षणे खत पुरते कुजले नसल्याची असतात. असे अर्धकच्चे खत कुंडीत गेले की ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र (नायट्रोजन) स्वतःकडे ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. माझ्या मिरचीची खालची पाने तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडली, त्याच वेळी शेजारच्या कुंड्यांतली रोपे काळसर हिरवी होती. पिशवीवर ‘१०० टक्के सेंद्रिय’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, पण कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) किती, खत किती आणि माल कधी भरला याविषयी एक ओळही नव्हती. तक्रार केल्यावर ‘मिश्रण काही दिवस उघडे ठेवून वापरा’ एवढेच उत्तर आले. रोपे लावून झाल्यावर त्या सल्ल्याचा उपयोग नव्हता.

दुसरी अडचण कोकोपीटमधल्या क्षारांची. नारळाच्या सोडणांचा भुसा नीट धुतला नाही, तर त्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचे क्षार राहतात. घरातले पिण्याचे पाणी तपासायचे टीडीएस मीटर येथे फार कामाला आले; पाण्यात विरघळलेले क्षार किती, हे ते पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) दाखवते. दोन्ही मिश्रणांचा एकेक पेला दोन पेले पाण्यात तासभर भिजवून, गाळून मोजले, तर कंपनीच्या मिश्रणाचे पाणी ११०० च्या पुढे गेले आणि रोपवाटिकेच्या मिश्रणाचे ३९० वर थांबले. विहिरीचे पाणी डिसेंबरात १४० होते. मात्र आमची विहीर खाडीजवळची असल्यामुळे मेमध्ये तेच पाणी मचूळ होऊन ४८० पर्यंत चढले. अशा गावात क्षार धरून ठेवणारे मिश्रण घेणे परवडत नाही, कारण उन्हाळ्यात ओतलेले प्रत्येक तांब्याभर पाणी आणखी थोडे मीठ मागे ठेवून जाते.

रोपवाटिकेच्या मिश्रणात दोन भाग गांडूळखत, दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग आपली तांबडी माती, थोडे अर्धवट जाळलेले भाताचे तूस आणि पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड असते. तांबडी माती एकच भाग का, असे विचारल्यावर तेथल्या मावशींनी ओली मूठ आवळून दाखवली: गोळा झाला आणि बोट लावताच मोकळा झाला. माती वाढवली तर तो गोळा मोडत नाही, असे त्या म्हणाल्या. ते बरोबर आहे. ही जांभ्याची माती कुंडीत घट्ट बसते, शिवाय ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातले लोह स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवते, म्हणून ती चवीपुरतीच बरी. दोष सांगायचा तर या पिशवीत खडे होते आणि दोन कुंड्यांत लव्हाळा उगवला, तो गाठीसकट उपटावा लागला.

आता पाणी. चांगली माती आणूनही कुंड्या बिघडतात त्या येथे. कोकोपीट जास्त असलेली माती वरून दोन तासांत कोरडी दिसते आणि तळाशी ओलीकिच्च असते. वरचा रंग पाहून रोज पाणी घालणाऱ्याची मुळे कुजतात. उलट ती एकदा पूर्ण सुकली, की पाणी पिण्याचेच नाकारते. मार्चमध्ये दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि परत आल्यावर पाणी घातले, तर ते माती आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली वाहून गेले. बोट खुपसून पाहिले, तर मधला गड्डा कोरडा ठणठणीत होता. ती कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवली, तेव्हा कुठे माती भिजली. तेव्हापासून मी कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजनावरून ठरवते. हलकी लागली, तर सकाळी सावकाश अर्धे पाणी घालायचे, दहा मिनिटे थांबून उरलेले घालायचे आणि तळातून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत घालत राहायचे. बाहेर येणाऱ्या त्या पाण्याबरोबर क्षारही निघून जातात. डिसेंबरात हे दर तिसऱ्या दिवशी करावे लागले, मेमध्ये रोज.

टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो तोही बहुधा याच गडबडीचा परिणाम असतो. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत जाते. एक दिवस कोरड आणि दुसऱ्या दिवशी पूर असे झाले की ते पोहोचत नाही. कंपनीच्या मिश्रणातल्या दोन्ही टोमॅटोंवर असे डाग आले. चुन्याची निवळी घालण्याआधी मी पाणी नियमित केले आणि पुढचे घोस स्वच्छ निघाले.

तळाशी खापऱ्यांचा थर घालण्याची आपल्याकडची पद्धत मी सोडली आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते आणि मुळांची ओल उलट वर सरकते. भोकावर एक खापरी पुरे. कुंडीच मात्र चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी, नाही तर पावसाळ्यात भोक शेवाळाने बुजते.

पावसाळ्यासाठी मी रोपवाटिकेच्याच आणखी चार पिशव्या घेतल्या. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे उघड्यावरच्या कुंडीतले नत्र पागोळ्यांखाली धुऊन जाते, म्हणून दर पंधरा दिवसांनी वरून मूठभर गांडूळखत द्यावे लागते. पिशव्या मात्र मेमध्येच आणाव्यात. मृग लागला की रोपवाटिकेतला ढीग ताडपत्रीखालीही ओल धरतो आणि त्याच २४० रुपयांत माती कमी येते. आमच्या चार पिशव्या पडवीत फळीवर ठेवल्या आहेत, भिंतीपासून हातभर लांब.