भिंग की यूएसबी मायक्रोस्कोप?

ऐरोलीच्या भाच्याने कच्छहून डबीभर बारीक जीवाश्म आणलेत (आपल्या ठाण्याच्या बेसाल्टमध्ये हे मिळायचं नाही, तो लाव्ह्याचा दगड). ओळखायला काय घेऊ, विचारतोय.

किंमत: १० पटीचं भिंग काहीशे रुपयांत, मायक्रोस्कोप दीड-दोन हजारांपासून. खोक्यावरचं '१००० पट' विसरा.

ओळख: शिंपला की ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखाच दिसणारा, पण वेगळ्या गटातला समुद्री प्राणी), एवढ्याला भिंग पुरतं. ब्रॅकिओपॉडच्या एकाच झडपेवर (कवचाच्या दोन भागांपैकी एकावर) मधोमध उभी रेघ मारा, डावं-उजवं जुळतं. शिंपल्याची झडप सहसा तिरकी, पण दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब. टॉर्च आडवा धरा, कवचावरच्या बरगड्या उठून दिसतात. फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीवांची कप्प्याकप्प्यांची कवचं) मात्र बहुतेक १ मिमीहूनही लहान. त्यांचे कप्पे मोजताना भिंग धरून डोळे दुखतात, तिथे मायक्रोस्कोपच. फोटोही निघतो, जाणकाराला पाठवता येतो. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नये.

टिकाऊपणा: माझं भिंग तीनदा पडलं, शाबूत आहे. मायक्रोस्कोपची वायर पहिल्याच पावसाळ्यात गेली. त्याचा स्टँडही डुगडुगतो, पंखा बंद करावा लागतो.

भटकंतीत उचलून तिथेच पाहणाऱ्याने भिंग घ्यावं. घरी वाळू चाळून दाणे निवडणाऱ्याने मायक्रोस्कोप. भाच्याच्या डबीत बहुतेक ब्रॅकिओपॉडच दिसतात, त्याला भिंग.