जेमार्स: आठ महिने मंगळावरच्या नाळांमध्ये

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वर्षभर ट्रेक बंद म्हणून सांगितलं. वीस वर्षं सह्याद्रीत हिंडले आहे, त्यामुळे रविवारी सकाळी नकाशा पसरून बसायची सवय काही सुटेना. त्या दिवसांत जेमार्स हाती लागलं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. यानांनी वरून काढलेले ग्रहांचे फोटो बघायचे, एकावर एक ठेवायचे, त्यावर मोजमापं घ्यायची, हे त्याचं काम. आठ महिने जवळजवळ रोज वापरल्यावर लिहितेय.

मंगळ नुसता फिरवून बघायचा असेल तर नासाचं मार्स ट्रेक ब्राउझरमध्ये उघडा, तेवढं पुरे. जेमार्स त्याच्या पुढचं आहे. तळाला ‘मोला’ या लेझर उंचीमापकाने केलेला उंचीचा नकाशा. त्यावर थेमिस कॅमेऱ्याचे 100 मीटरला एक ठिपका असे उष्णतेचे फोटो. त्यावर सीटीएक्सचे, 6 मीटरला एक ठिपका. आणि सगळ्यांत वर हायराइज, 25-30 सेंटिमीटरला एक ठिपका. शेवटचे दोन्ही कॅमेरे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावर आहेत. 2006 पासून ते मंगळाभोवती साधारण 300 किलोमीटर उंचीवरून फिरतंय. हायराइजची पट्टी जेमतेम 6 किलोमीटर रुंद असते, सीटीएक्सची 30. जेमार्समध्ये या पट्ट्यांच्या चौकटी नकाशावर दिसतात. हवी ती निवडली की फोटो जागेवर येऊन बसतो. पूर्ण चित्र लागेपर्यंत माझ्याकडे चहा होतो.

पहिल्या महिन्यात माझी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी, कारण ती प्रत्येकाची होते. एका मैदानात मला ओळीने गोल टेकाडं दिसली. दोन दिवस मी त्यांना टेकाडंच समजत होते, वहीत तशी नोंदही केली. मग त्यांच्यावरून रेघ ओढून उंची कशी बदलते ते पाहिलं, तर ते सगळे खड्डे निघाले. प्रकाश वरच्या बाजूने येतो असं आपला डोळा धरून चालतो. पण हे यान मंगळावर दुपारी तीनच्या सुमारास फोटो काढतं, म्हणजे सूर्य पश्चिमेला कललेला असतो. नकाशावर उत्तर वर धरली की उजेड डावीकडून येतो. डावी कड अंधारात आणि उजवी उजळ, तर खड्डा. डावी उजळ आणि उजवी अंधारात, तर उंचवटा. आता कोणताही फोटो उघडला की आधी उजेड कुठून आहे ते बघते, मगच आकाराला नाव देते.

सावलीचा दुसराही उपयोग आहे. प्रत्येक फोटोसोबत त्या वेळचा सूर्याचा कोन दिलेला असतो. सूर्य क्षितिजापासून 30 अंश वर असेल आणि कड्याची सावली सपाट जमिनीवर 40 मीटर लांब पडली असेल, तर कडा साधारण 23 मीटर उंच. कागदावर एक गुणाकार. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो गासा नावाच्या विवरात. दक्षिण गोलार्धात, साधारण 36 अंशांवर, जेमतेम 7 किलोमीटर रुंद. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नाळा आहेत. होय, नाळाच, सह्याद्रीत डोंगरउतारावरच्या ज्या अरुंद, उभ्या घळींना आपण नाळ म्हणतो अगदी तशा. वर कातळात कोरलेली खोबण, मधे अरुंद वाट, खाली पंख्यासारखा पसरलेला घसारा, म्हणजे घसरून आलेली दगडमाती. हायराइजमध्ये खोबणीतले सुटे धोंडे वेगवेगळे दिसतात. उत्तरेकडची भिंत म्हणजे तिचं तोंड दक्षिणेला, ध्रुवाकडे. म्हणजे सावलीचा उतार. आपल्याकडे उत्तरेला तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी पडतं, तिथे गणित उलटं.

2000 साली मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट या शास्त्रज्ञांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाच्या फोटोंत अशा नाळा दाखवल्या, तेव्हा पहिला विचार वाहत्या पाण्याचा आला. नंतर हायराइजने त्याच जागांचे पुन्हापुन्हा फोटो काढले आणि नाळांमधले बदल थंडीत, उतारावर कार्बन डायऑक्साइडचं हिव साचलेलं असताना होतात असं दिसलं. त्यामुळे आजच्या हालचालींसाठी तरी पाणी लागत नाही असं मानतात. मूळ नाळा कशा कोरल्या गेल्या यावर वाद चालूच आहे. वीस वर्षं नाळ म्हणजे पावसाचं काम हे गृहीत धरलेल्या मला हे पचवायला वेळ लागला. आकार तोच, कारण वेगळं असू शकतं.

फोटोंच्या नावातले आकडे वाचायला शिका. हायराइजच्या नावात शेवटी चार आकडे असतात: 1800 म्हणजे विषुववृत्त, 1440 म्हणजे साधारण 36 अंश दक्षिण. यादी चाळताना याची फार मदत होते. ऑगस्ट 2023 नंतरच्या फोटोंत मधोमध एक रिकामी पट्टी दिसेल. कॅमेऱ्यातला एक संवेदक बंद पडलाय, तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही.

मर्यादाही समजून घ्या. मोलाचा नकाशा साधारण 460 मीटरला एक ठिपका असा आहे. मोठ्या विवरासाठी उत्तम, पण नाळेचा उतार त्यावर मोजू नका, नाळ त्यात मावतच नाही. हायराइजने अजून मंगळाचा फार थोडा भाग टिपलाय. शिवाय ध्रुवाकडे गेलात की नकाशा आडवा ताणला जातो. मंगळावर लोणार नावाचं विवर आहे, आपल्या बुलढाण्याच्या लोणारवरून ठेवलेलं, उत्तरेला 73 अंशांवर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते लांबट दिसलं. नकाशाचं केंद्र तिथे आणून ठेवलं तेव्हा गोल झालं. ही सोय मेनूत आहे, पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

माझा लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे. हायराइजचे दोन-तीन फोटो एकदम लावले की तो अडखळतो, म्हणून एका वेळी एकच. इंटरनेट सतत लागतं. केलेलं काम सेशन म्हणून जतन करता येतं. दर अर्ध्या तासाने करा.

ज्यांना टोपोशीट, म्हणजे उंचीच्या रेषा असलेला नकाशा, वाचता येते त्यांना पंधरा दिवसांत हात बसेल. भूगोलाच्या शिक्षकांना तर मी आवर्जून सांगेन.

2010 पासून हायराइजसाठी कोणीही जागा सुचवू शकतं, हायविश नावाच्या सोयीतून. तीन महिन्यांपूर्वी मी एक सुचवली आहे. नाव नसलेलं छोटं विवर, सीटीएक्सच्या फोटोत त्याच्या उत्तर भिंतीवर एकच नाळ दिसते. खालच्या पंख्यात धोंडे आहेत की नुसती बारीक माती, हे 6 मीटरच्या ठिपक्यात कळत नाही. फोटो आला की इथेच लिहीन.