माउस विकला नाही, दुरुस्त केला
लिनक्स या संगणक प्रणालीवर माउस दोन सेकंद स्वस्थ ठेवला की त्याच्या पोटाखालचा लाल दिवा विझायचा आणि बटण दाबल्याशिवाय बाण हलत नसे, म्हणून लॅपटॉप रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. खाऱ्या हवेने पोर्ट गंजला असेल, ही माझी शंका दुकानदारांनी भिंगातून पाहून दूर केली. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा चालवल्यावर माउस यादीत दिसला, म्हणजे जोडणी शाबूत होती. दोष पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने लावलेल्या वीजबचतीचा निघाला. माउसची वीजबचत ठरवणाऱ्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑटो'च्या जागी 'ऑन' लिहिताच बाण सुरळीत फिरू लागला. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल टिकत नाही, म्हणून त्यांनी युडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडताच सेटिंग आपोआप लावणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा, नियमही लिहून दिला. नवा माउस विकणे सोपे असताना त्यांनी अर्धा तास दिला, याचे मला फार मोल वाटते. बसायला जागा मात्र अपुरी आहे.