निकेल शोधणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर : ड्रिलिंगच्या निकालाआधी की निकालानंतर?

नाशिकच्या अंबड-सातपूर भागात प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या धंद्यामुळे निकेलचा लंडनचा भाव रोज पाहणारे बरेच जण आहेत आणि त्यांपैकी काहींनी आता ऑस्ट्रेलियातील छोट्या शोधक कंपन्यांचे शेअर घेण्यास सुरुवात केली आहे. परदेशी ब्रोकरकडील खाते, एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) वर्षाची अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि दहा लाख रुपयांपुढील टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, हे सर्व ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापुढे खरा प्रश्न एवढाच उरतो, की ड्रिलिंग चालू असताना शिरावे की बोअरमधून काढलेल्या दगडाच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाल्यावर. मी दोन्ही प्रकारे पैसे गुंतवले आहेत.

आधी शिरण्याचे आकर्षण उघड आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विंडारा येथे १९६९ मध्ये निकेल लागल्यावर पोसायडन कंपनीचा एक डॉलरच्या आतला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरपर्यंत गेला आणि नंतर कोसळला. २०१२ मध्ये सिरियस रिसोर्सेसला नोव्हा येथे साठा सापडला, तेव्हाही काही सेंटांचा शेअर डॉलरांत गेला. अशी उदाहरणे मोजकी असतात आणि तीच वारंवार सांगितली जातात, हे मात्र ध्यानात ठेवावे. विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात जमिनीखाली दिसलेला ठळक वीजवाहक पट्टा पुष्कळदा ग्राफाइटचा निघतो, आणि सल्फाइड, म्हणजे निकेल ज्यात सापडते तसले गंधकयुक्त खनिज, लागले तरी ते बव्हंशी पायरोटाइट हे लोखंड-गंधकाचे खनिज असू शकते, ज्यात निकेल नावापुरतेच असते. द्राक्षाच्या मण्यांत साखर भरण्याआधी बागेचा सौदा करण्यासारखाच हा प्रकार आहे.

त्यातही मधल्या काळातील घोषणा जपून वाचाव्या लागतात. पाण्याने ओला केलेला, चमकणाऱ्या सल्फाइडचा ड्रिल कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला दगडाचा दांडा, छायाचित्रात फार देखणा दिसतो. शेजारी ‘दृश्य अंदाजानुसार’ सल्फाइडची टक्केवारी दिलेली असते आणि नेमके निकेल किती याचे उत्तर प्रयोगशाळेकडून कित्येक आठवड्यांनी येते. माझ्या पाहण्यात या छायाचित्रावर चढलेला भाव निकालाच्या दिवशी बहुधा टिकत नाही.

निकालानंतर घेणाऱ्याची अडचण निराळी आहे. सिडनीचा बाजार आपल्याकडे पहाटे साडेपाचला, त्यांच्या उन्हाळ्यात तर साडेचारलाच उघडतो; त्यामुळे नाशिकमध्ये जाग येईपर्यंत भाव वर जाऊन बसलेला असतो. परंतु हाती काहीतरी ठोस असते. छेदाची लांबी (बोअरने थरातून कापलेले अंतर) आणि थराची खरी जाडी यांतील फरक, निकेल सल्फाइडमध्ये आहे की सहज न निघणाऱ्या सिलिकेटमध्ये, आणि लगतच्या बोअरमध्ये तोच थर लागला का, एवढे तपासले तरी बराचसा उत्साह आपोआप गाळला जातो.

माझा कल मात्र वेगळ्याच एका त्रासाने ठरला. या कंपन्यांना उत्पन्न नसते. म्हणून निकाल चांगला आला, की भाव वर असतानाच त्या नवे शेअर काढून पैसा उभा करतात, तोही चालू भावापेक्षा सवलतीत. भागधारकांना न विचारता वर्षभरात १५ टक्क्यांपर्यंत शेअर काढण्याची मुभा तेथील नियमांतच आहे आणि वार्षिक सभेची संमती घेऊन लहान कंपन्यांना त्यात आणखी १० टक्क्यांची भर घालता येते. माझ्याकडील एका कंपनीने निकालापाठोपाठ आपल्या शेअरचा बाजारातील व्यवहार स्थगित केला आणि तो पुन्हा सुरू झाला तेव्हा मोठ्या गुंतवणूकदारांना सवलतीत शेअर दिल्याची घोषणा झाली होती. पाठोपाठ जुन्या भागधारकांसाठी त्याच भावात योजना आली, पण तिला पात्रता होती फक्त ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पत्ता असलेल्यांची. महिनोन्‌महिने जोखीम मी वाहिली आणि सवलतीच्या वेळी गंगापूर रोडचा पत्ता आड आला. येथे कोणी नियम मोडला असे मी म्हणणार नाही, कारण अशी अट तिकडे सर्रास असते. बोचले ते मात्र खरेच.

हाच प्रकार निकालानंतर येणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. नवे शेअर बाजारात येताच विक्रीचा दाब वाढतो आणि भाव पुष्कळदा त्या सवलतीच्या भावाजवळ घुटमळतो. निकाल कळलेला, पुढच्या ड्रिलिंगचा पैसा कंपनीच्या खात्यात आणि भाव मोठ्यांना मिळाला त्याच्या आसपास, अशा वेळी घेणे मला अधिक पटते. नोव्हासारख्या साठ्यात पहिल्या बातमीनंतर शिरलेल्यांनाही पुढे भरपूर वाव मिळाला होता. इंडोनेशियाच्या उत्पादनामुळे निकेलचा भाव पडून बीएचपीसारख्या मोठ्या खाणकंपनीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये निकेल वेस्ट या आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील निकेल व्यवसायाचे काम थांबवले, हा धोका मात्र दोन्ही पद्धतींना सारखाच आहे.

ज्यांना पूर्ण रक्कम बुडाली तरी चालणार आहे आणि वाट पाहण्यातच गंमत वाटते, त्यांना निकालाआधीचा मार्ग कदाचित मानवेल. त्यांनी निदान कंपनीचा तिमाही रोख अहवाल, म्हणजे अपेंडिक्स ५बी, उघडावा; हातातील पैसा आणखी किती तिमाही पुरेल याचा आकडा त्यात शेवटाकडे असतो, आणि तो दोनच्या आत असेल तर निकाल कसाही लागो, नवे शेअर येणार असे धरूनच रक्कम ठरवावी.