जुन्या आउटबोर्डचा वेग घटलाय: पैसे पंख्यावर घालायचे की इंजिनावर?

जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) पूर्वीसारखी पळेनाशी झाली की पानशेत-मुळशीच्या काठावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, पंखा बदला. दुसरा म्हणतो, इंजिन उतरलंय, खोलून रिंगा टाका. पंखा स्वस्तात पडतो म्हणून बरेच जण आधी तो मागवतात, आणि बसवल्यावर बोट तेवढीच पळते. माझं मत ठाम आहे: फुल रेसला आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, मोजल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

मोजायला महागडं मीटर लागत नाही. प्लगच्या वायरीला सेन्सर गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर पुरतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, त्यामुळे मीटर ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’वर ठेवलेलं असेल तर आकडा दुप्पट दिसेल; तेवढं सेटिंग आधी बघा. वेग फोनच्या जीपीएसवर घ्या, तोही जाताना आणि येताना, कारण धरणाच्या पाण्यावर वारा चांगलाच फसवतो. जुन्या 40 एचपी इंजिनांना फुल रेसला 4500 ते 5500 आरपीएम अशी मर्यादा सर्रास दिलेली असते. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

आरपीएम भरपूर, वेग कमी

इथे इंजिनात दम आहे, तो पाण्यापर्यंत पोचत नाही. हिशोब सोपा आहे. गिअर रेशो 2:1 (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक) आणि पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत न घसरता पुढे सरकायचं अंतर, 13 इंच असेल, तर 5000 आरपीएमला पंखा मिनिटाला 2500 फेऱ्या मारतो. पाण्यात अजिबात न घसरता तो बोटीला ताशी साधारण 49 किलोमीटर नेईल. हलक्या बोटीत दहा-वीस टक्के घसरण धरली तरी 40च्या आसपास किंवा पुढे आकडा यायला हवा. जीपीएस 28 दाखवत असेल तर पहिला संशय पंखा आणि त्याच्या आतली नळी जोडणाऱ्या रबरी बुशवर घ्या. हे बुश जुनं झालं की हळू चालवताना नीट पकडतं आणि जोर लावला की आतल्या आत फिरतं. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक सरळ रेघ रंगवा, फुल रेसला एक फेरी मारा, काठावर येऊन बघा. रेघ तुटली असेल तर निकाल लागला. बुश नवं दाबून मिळत असेल तर अख्खा पंखा घ्यायची गरज नाही.

रेघ जागेवर असेल तर इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) फार वर बसलंय का, पंख्याच्या वरच्या बाजूची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत आहे का, हे पाहा. ती वर राहिली की वळणावर पंखा हवा खातो. उजनीच्या बाजूला बोट असेल तर जलपर्णीची मुळं आणि जाळ्याची तंगूस पंख्यामागे गुंडाळलेली सापडते. तंगूस शाफ्टच्या सीललाही कापते.

एक वेगळी गंमत कोकणातून सेकंडहँड आणलेल्या इंजिनात होते. ते मासेमारीच्या वजनदार होडीवर असेल तर त्याला मुळातच कमी पिचचा पंखा असतो. मग हिशोबात घसरण फारशी दिसत नाही, आरपीएम मर्यादेपलीकडे जातात आणि बोट मात्र रेंगाळते. अशा वेळी खरोखर पंखाच बदला.

आरपीएमच कमी

ही बाजू जास्त अवघड आहे, कारण दमलेलं इंजिन आणि ओझ्याखाली दबलेलं इंजिन मीटरवर सारखंच दिसतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. दर 300 मीटरला इंजिन अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथे पाच-सहा टक्के जागच्या जागी गेले. पानशेतला आणखी थोडे. अलिबागच्या स्पीडबोटीवर बरोबर बसलेला मोठ्या पिचचा पंखा इथे लावणं म्हणजे दिवे घाट चौथ्या गिअरमध्ये चढणं. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण 150 ते 200 वाढतात.

ओझं की दमणूक, हे ओळखायला बोट रिकामी करून एकट्याने, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला बांधून चालवा. आरपीएम झटकन मर्यादेत आले तर इंजिन उघडू नका. पंख्याचा पिच आणि बोटीचं वजन बघा. जुन्या फायबर बोटीत तळाखालचा फोम पाणी पिऊन बसतो आणि ते वजन वरून कळत नाही. तळावरचं शेवाळही खरवडा.

रिकामी बोटही पळत नसेल तर आधी पेट्रोल तपासा. फुल रेसला असताना सोबत्याला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. वेग वाढला तर पेट्रोल पंपाचा पडदा गेलाय. फुगा चपटा होत असेल तर टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा नळी तुंबली आहे. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं; ते पाणी ओढतं आणि जुने रबर बिघडवतं, म्हणून पावसाळ्याआधीचं उरलेलं पेट्रोल वापरूच नका. इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे सरकवा आणि कार्बोरेटरची पाकळी पूर्ण उघडते का तेही डोळ्यांनी बघा. ताणलेली केबल फुकटात आरपीएम खाते.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, शेवटी. सगळे प्लग काढून, वायरी अर्थ करून, रेस पूर्ण उघडी ठेवून मोजा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तरच इंजिन खोलायचा विचार करा. आणि तो खर्च मोठा निघाला तर फोर-स्ट्रोकचा भावही घ्या. टू-स्ट्रोक बरंच न जळालेलं पेट्रोल आणि ऑइल पाण्यात सोडतं, आणि आपल्या धरणांचं पाणी शहर पितं. फक्त त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक वजनाला जड असतं. ऑर्डर देण्याआधी ट्रान्समचं लाकूड आतून कुजलंय का, ते ठोकून बघा.