मालवणचं स्नॉर्केलिंग : मिशीवाल्यांनी व्हॅसलीन न्यावं

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याबद्दल कुणी काही सांगू नये, असा माझा समज होता. पाठीला डबा बांधून आजोबांनी घाटावरून ढकललं तेव्हा मी 7 वर्षांचा. आज 56 व्या वर्षीही उन्हाळ्यात कृष्णा पार करून परत येतो. मालवणच्या एका विशीतल्या गाइड पोरानं पाच मिनिटांत माझी सगळी मिजास उतरवली.

डिसेंबरात मी, सौ. आणि पुतण्या असे तिघं मालवणला स्नॉर्केलिंगला गेलो, म्हणजे मास्क आणि नळी लावून, पाण्यावर पालथं पडून समुद्राचा तळ बघायला. पहाटे चारला सांगली सोडली, राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो आणि साडेनवाला जेटीवर. माणशी 800 रुपये. त्यात होडी, मास्क, लाइफ जॅकेट, गाइड आणि पाण्यात पाऊण तास, असं ठरलेलं. होडी भरेपर्यंत तासभर उन्हात बसवून ठेवलं. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी वारा सुटला की पाणी हलतं, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. पण गिऱ्हाईक भरल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आमच्याकडच्या वडापच्या जीपसारखंच.

सिंधुदुर्गाचा तट बाजूला ठेवत होडी खडकांपाशी जाऊन थांबली. पोरानं मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायला सांगितली. सौ.नं तोंड वाकडं केलं, पण वाफ धरत नाही हे खरं. मग माझी पाळी. मास्क घातला, तोंड बुडवलं आणि नाकात खारं पाणी. परत घातला, परत तेच. तिसऱ्यांदा पोरगा माझ्या मिशीकडे बघून हसला. मास्कचं रबर कातडीला घट्ट बसलं तरच पाणी अडतं, मिशीच्या केसांतून ते वाट काढतं. त्यानं डबीतलं व्हॅसलीन मिशीला थापलं, तेव्हा कुठं जमलं. तरी थोडं गळत होतंच.

त्यानंतर मी सवयीनं हात मारायला लागलो. कृष्णेला ओढ असते, थांबलात की खाली वाहत जाता, म्हणून आमचं अंग थांबायला तयारच नसतं. पोरगा म्हणाला, "काका, पाय मारू नकात. पाणी तुमका धरतला." खरंच धरतं. खाऱ्या पाण्यात माणूस नदीपेक्षा जास्त तरंगतो, वर लाइफ जॅकेट. फक्त पालथं पडून नळीतून सावकाश श्वास घ्यायचा. हे समजायला मला दहा मिनिटं लागली. सौ.ला पोहता येत नाही, त्यामुळे ती रिंग धरून पहिल्यापासून निपचित पडली होती. तिनं सगळं बघितलं, मी माझाच फेस बघितला.

शेवटी जे दिसलं ते सांगतो. जाहिरातीतले निळे-गुलाबी रंग डोक्यातून काढून टाका. इथली प्रवाळं तपकिरी, शेवाळी, मातकट. काही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, काही मेंदूवर असतात तशा वळ्यांची. लक्षद्वीपसारखी सलग पसरलेली नाहीत, खडकावर जागा मिळेल तिथं वाढलेली. पण पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे इतक्या जवळून गेले की मी हात आखडून घेतला. आणि तो प्रवाळाचा दगड जिवंत आहे, लाखो बारीक जीव अंगाभोवती चुनखडी रचत तो वाढवतात, हे त्या पोरानं पाण्याबाहेर डोकं काढून अर्ध्या मिनिटात सांगितलं. सौ.नं बोटातली पोवळ्याची अंगठी दाखवून विचारलं, हे इथलंच का? नाही म्हणाला. दागिन्यातलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, बरंचसं भूमध्य समुद्रातलं. सराफ कट्ट्यावर आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता तक्रार. पाऊण तास म्हणून पाण्यात होतो जेमतेम 25 मिनिटं. होडीतल्या दुसऱ्या माणसानं मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले. व्हिडिओचे 300 रुपये वेगळे, आणि त्यात मासे कमी, पावच जास्त. शेजारच्या होडीतले दोघं तर खडकावर, म्हणजे प्रवाळावरच, उभे राहून फोटो काढत होते आणि त्यांचा गाइड गप्प. 1987 पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुटलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. आमच्या पोरानं ओरडून त्यांना उतरवलं. मालकानं हे काम पोरावर सोडलंय, म्हणून पाचात साडेतीन. पोराला एकट्याला पाच.

जाणार असाल तर अमावस्या-पौर्णिमा टाळा, उधाणाला तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असते, तेव्हा पाणी निवळ. पावसाळ्यात बंदच. उन्हासाठी क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला, काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला बाधतात. आणि पैसे देण्याआधी पाण्यात किती मिनिटं, ते सगळ्यांसमोर विचारून घ्या.

सौ.ला मार्चच्या आत परत जायचंय. मिशी काढून या, मगच गाडीत बसा, असं तिनं सांगून ठेवलंय. 32 वर्षांची मिशी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.