सच्छिद्र सोन्यासाठी झवेरी बाजारातला वर्ख

सच्छिद्र सोन्याची पातळ फिल्म करायची असेल तर स्पटरिंग यंत्रावर (धातूचे अणू उडवून पातळ थर चढवणारं यंत्र) आपला नंबर लागायची वाट बघू नका. मुंबादेवीजवळच्या गल्लीतल्या वर्खवाल्या काकांकडे पांढऱ्या सोन्याचा 12 कॅरेट वर्ख मिळतो. वजनाने निम्मं सोनं, निम्मी चांदी, जाडी साधारण 100 नॅनोमीटर. अणू मोजले तर मात्र चांदी 65 टक्के भरते, आणि खरी करामत तीच करते. वर्ख तीव्र नायट्रिक आम्लावर तरंगत ठेवला की चांदी विरघळते, उरलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकमेकांना धरतात आणि अखंड जाळी उभी राहते. थोडा वेळ ठेवलात तर छिद्रं 10-20 नॅनोमीटरची, जास्त ठेवलात तर मोठी. नंतर तापवूनही रुंदावतात. म्हणजे हवी ती रचना घड्याळ लावून मिळते!

काका प्रत्येक पान उजेडासमोर धरून दाखवतात, भोक दिसलं तर स्वतःच बाजूला काढतात. अशी दुकानं जपायला हवीत. तक्रार एकच, पुडीचा कागद चिकटतो आणि कडा फाटतात. बटर पेपर मागून घ्या. 22 कॅरेटचा वर्ख घेऊ नका, त्यात चांदी इतकी कमी की आम्ल आत शिरतच नाही. काम फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) करा, आम्लातून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो.